ज्याचं ऐकतात तो माणूस

न्यू हॅम्पशायर हे अमेरिकेच्या ईशान्येकडचं छोटं, डोंगराळ राज्य. तिथल्या हुकसेट गावात बंदुकांचं एक नावाजलेलं दुकान होतं. 2009 साली एका आठवड्याच्या आत तीन वेगवेगळी गिऱ्हाइकं त्या दुकानात आली. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तिघांनीही रीतसर कागदपत्रं भरून बंदूक विकत घेतली आणि काही तासांत त्याच बंदुकीनं स्वतःचा जीव घेतला. दुकानाचे मालक राल्फ डेमिको हे बंदूक बाळगण्याच्या हक्काचे खंदे समर्थक. कायद्याच्या दृष्टीनं त्यांच्याकडून काहीही वावगं झालेलं नव्हतं. तरी त्यांना स्वस्थ बसवेना. राज्यात आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या मंडळींशी ते बोलायला बसले. त्यांत डार्टमथच्या एलेन फ्रँक होत्या, हार्वर्डच्या कॅथरीन बार्बर होत्या. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी ही माणसं, पण त्यांनी मिळून दुकानदारांसाठी एक साधं पत्रक तयार केलं. गिऱ्हाइकाला बंदुकीतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचीही इच्छा नाही, ती साफ कशी करायची, ठेवायची कशी हे तो विचारत नाही, चेहऱ्यावर अस्वस्थता आहे, असं दिसलं तर विक्री नाकारा. नाकारायचा हक्क तुम्हाला आहेच.

बंदूक सुरक्षित हाताळण्याचे दहा नियम अमेरिकी नेमबाजांच्या तोंडपाठ असतात. या मंडळींनी त्यांत अकराव्याची भर घातली. घरातलं कुणी खचलेलं असेल, तर त्याचं मन थाऱ्यावर येईपर्यंत बंदुका घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. पुढे पाहणी केली तेव्हा राज्यातल्या सुमारे निम्म्या दुकानांत यातलं काही ना काही साहित्य मांडलेलं दिसलं. कुठलाही कायदा झाला नव्हता, कुणावर सक्ती नव्हती. मग दुसऱ्या राज्यांतले दुकानदार ते साहित्य मागू लागले. कोलोराडोत 2019 साली तर एक नकाशाच तयार झाला. कुठलं दुकान, कुठलं पोलीस ठाणं बंदुका तात्पुरत्या सांभाळायला तयार आहे, ते त्यावर दाखवलेलं असतं.

पुस्तकाची सुरुवात इथून करण्याला कारण आहे. अमेरिकेतला गोळीबार म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शाळा येते. 1999 चं कोलंबाइन, 2012 चं सँडी हुक, 2022 चं युवाल्डी. आपल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर जागा मिळते ती याच बातम्यांना, आणि त्यांचा हादरा खोटा नाही. पण 2023 या एका वर्षात तिथं बंदुकीनं 46,728 माणसं गेली. त्यांतल्या सुमारे 27,300 आत्महत्या होत्या आणि 17,900 च्या आसपास खून. एकाच वेळी अनेकांना टिपणारे हल्ले कितीही सैल व्याख्येनं मोजले, तरी शंभरात एक-दोन मृत्यूंपलीकडे जात नाहीत. उरलेले मृत्यू बातमीत येत नाहीत. ते कुठल्याशा शेतघरातल्या मागच्या खोलीत होतात, नाहीतर शिकागोच्या पश्चिम भागातल्या एखाद्या कोपऱ्यावर, जिथं आदल्या आठवड्यातही एक झालेला असतो.

कायदा कडक हवा की नको, हा वाद या पुस्तकाचा विषय नाही. माझं मत विचाराल तर हवा. पण सर्वसामान्यांच्या हातातल्या बंदुकांचा अंदाज जिथं सुमारे 39 कोटी आहे, म्हणजे माणसांहून जास्त, आणि जिथं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये बंदूक बाळगण्याचा हक्क अधिक पक्का केला, तिथं संसदेच्या पायऱ्यांवर डोळे लावून बसणं सगळ्यांना परवडत नाही. ज्यांच्या गल्लीत गोळ्या चालतात त्यांना तर मुळीच नाही. त्या लोकांनी दरम्यानच्या काळात काय केलं, कशानं फरक पडला आणि कशानं पडला नाही, याची ही हकीकत.

‘लोकशिक्षण’ म्हटलं की आपल्याला आठवतं ते व्याख्यान, भित्तीपत्रक, शाळकरी मुलांची प्रभातफेरी. अमेरिकेनंही आधी तेच केलं. 1988 पासून तिथल्या बंदूकधारकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेनं लहान मुलांसाठी एडी नावाच्या गरुडाचं चित्रपात्र चालवलं. बंदूक दिसली तर थांब, हात लावू नकोस, तिथून पळ, मोठ्या माणसाला सांग. मुलं हे सुरात म्हणून दाखवतात. म्हणून दाखवणं आणि वागणं यांतलं अंतर किती, हे अटलांटामधल्या एका प्रयोगात दिसलं. तो 2001 साली प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या 64 मुलग्यांना दोघं-तिघं मिळून एका खोलीत सोडलं. एका खणात पाण्याच्या पिचकाऱ्या, दुसऱ्यात खरं, पण गोळ्या नसलेलं पिस्तूल. काचेआडून डॉक्टर पाहत होते. 48 मुलांना पिस्तूल सापडलं. त्यांतल्या 30 जणांनी ते हाताळलं आणि 16 जणांनी गोळी सुटावी इतक्या जोरानं चाप ओढला. पिस्तूल हाताळणाऱ्या मुलांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणांना बंदुकीविषयीचे धडे आधीच मिळालेले होते.

या प्रयोगाचं वर्णन मी वाचलं तेव्हा मला मुलांचं नवल वाटलं नाही. खण उघडायचा नसेल तर ते बालपण कसलं? पण मग शिकवायचं कुणाला, हा प्रश्न सरळ होतो. खणाची किल्ली ज्याच्या हातात आहे त्याला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी गेल्या काही दशकांत हा मोहरा बदलला. बंदूक रिकामी, कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, हे पालकांना सांगायचं. आणि आपलं मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाणार असेल तर आधी विचारायचं, तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात आहे का. 2021 च्या एका सर्वेक्षणावरून काढलेल्या अंदाजानुसार तिथली सुमारे 46 लाख मुलं अशा घरांत राहतात, जिथं निदान एक बंदूक गोळ्या भरून कुलपाविना ठेवलेली असते.

हा प्रश्न टेक्सासात किंवा ॲरिझोनात राहणाऱ्या मराठी आईबापांनाही चुकलेला नाही. मुलाच्या मित्राच्या घरी रात्रीच्या मुक्कामाचं आमंत्रण येतं. घरात कुत्रा आहे का, शेंगदाण्याचं काही खायला देणार का, हे आपण बिनदिक्कत विचारतो. बंदुकीचं विचारायला जीभ रेटत नाही. समोरच्याला काय वाटेल, नव्या देशात उगाच नसता विषय कशाला काढा. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण इथं तिची किंमत भिकेहून मोठी असू शकते. ज्या पालकांनी हा प्रश्न ॲलर्जीच्या आणि कुत्र्याच्या ओळीत बसवून टाकला, त्यांना तो विचारणं सोपं गेलं, असं तिथले डॉक्टर सांगतात. ही युक्ती मला फार आवडते. ती कुणाला दोष देत नाही.

आत्महत्येच्या बाबतीत कुलपाचं महत्त्व आणखी वेगळं आहे. बंदुकीनं केलेला प्रयत्न दहापैकी साधारण नऊ वेळा जीवघेणा ठरतो. औषधांनी केलेला क्वचितच. आणि एकदा वाचलेल्या माणसांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. म्हणजे तो तास, ती रात्र निभावली की बरंच काही निभावतं. इस्रायलच्या सैन्यानं 2006 मध्ये जवानांना आठवडाअखेरच्या सुटीत शस्त्रं तळावरच ठेवायला लावली आणि तिथल्या तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. माणसं तीच होती, बंदुकाही त्याच. फक्त दोन दिवस त्यांची ताटातूट केली गेली.

खुनांची गोष्ट निराळी. तिला या पुस्तकात अधिक पानं दिली आहेत, कारण तिथं समाजाचा हात थेट पोचतो.

बॉस्टनमध्ये 1991 ते 1995 या काळात चोवीस आणि त्याखालच्या वयाची सरासरी 44 मुलं दरवर्षी मारली जात होती. 1992 मध्ये मॅटपॅन भागातल्या एका चर्चमध्ये अंत्यविधी चालू असताना टोळीतली पोरं आत घुसली आणि त्यांनी एकावर हल्ला केला. त्या धक्क्यातून काळ्या वस्त्यांतले धर्मगुरू एकत्र आले, रात्री रस्त्यांवर फिरू लागले. त्याच सुमारास हार्वर्डचे डेव्हिड केनेडी, अँथनी ब्रागा आणि ॲन पील हे अभ्यासक पोलीस, प्रोबेशन अधिकारी आणि रस्त्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना घेऊन बसले आणि त्यांनी एक यादी केली. कुठली टोळी, किती पोरं, कुणाचं कुणाशी वैर. यादीत 61 टोळ्या निघाल्या आणि सुमारे 1,300 पोरं. शहरातल्या त्या वयाच्या मुलांच्या एक टक्काही नाहीत, पण तरुणांच्या निदान साठ टक्के खुनांशी जोडलेली.

मला या यादीत सगळ्या विषयाची किल्ली दिसते. ‘या वस्त्या हिंसक आहेत’ हे वाक्य तिच्यामुळे खोटं ठरतं. वस्ती हिंसक नसते, वस्तीत काही डझन पोरं असतात, त्यांना एकमेकांची भीती असते आणि भीतीपोटी ती बंदूक बाळगतात. उरलेली वस्ती घरात बसून कानोसा घेत असते. मग शंभर टक्के लोकांची झडती घेण्यात, त्यांना दरडावण्यात आणि व्याख्यानं देण्यात हशील काय?

1996 च्या उन्हाळ्यापूर्वी टोळ्यांच्या पोरांना न्यायालयाच्या इमारतीत बोलावलं गेलं. समोर पोलीस होते, सरकारी वकील होते, पण त्यांच्याबरोबर धर्मगुरू आणि समाजसेवकही होते. निरोप मोजका होता. गोळीबार थांबवा. तुमच्यातल्या एकानं चाप ओढला तर अख्ख्या टोळीवर आमचं लक्ष येईल. शाळा, नोकरी, संरक्षण हवं असेल तर हा फोन नंबर. एका कुख्यात पोराला खिशात सापडलेल्या एकाच काडतुसावरून जवळपास वीस वर्षांची शिक्षा झाली होती. त्याचं उदाहरण सगळ्यांना ऐकवलं गेलं. एका काडतुसापायी वीस वर्षं हे आजही माझ्या गळी उतरत नाही, आणि बॉस्टनची थोरवी सांगणारे बरेच लेखक हा भाग घाईनं उरकतात. निरोपाला जरब होती, हे लपवून चालणार नाही. तितकंच खरं की नुसत्या जरबेनं आधीची पाच वर्षं काही हललं नव्हतं. 1997 मध्ये तरुणांचे खून 15 वर आले.

पुढे काय झालं ते अधिक बोधक आहे. यशाचं श्रेय घ्यायला माणसं पुष्कळ निघाली, रोजचं काम करायला उरली नाहीत. 2000 च्या सुरुवातीला हा उपक्रम गुंडाळला गेला, टोळ्यांमधले खून पुन्हा चढले आणि 2007 मध्ये तोच पुन्हा उभा करावा लागला.

शिकागोची वाट याहून वेगळी, कारण तिथं पोलीस जवळपास नाहीतच. गॅरी स्लटकिन हे साथरोगांचे डॉक्टर. सोमालियाच्या निर्वासित छावण्यांत पटकी आणि क्षय, युगांडात एड्स, अशी वर्षं काढून ते 1995 मध्ये शिकागोला परतले. खुनांचे नकाशे पाहिल्यावर त्यांना ते साथीच्या नकाशांसारखे दिसले. एकाभोवती दुसरा, दुसऱ्याभोवती तिसरा. 2000 साली वेस्ट गारफील्ड पार्क या वस्तीत त्यांनी काम सुरू केलं आणि कामावर घेतली ती त्याच गल्ल्यांत वाढलेली, बहुतेक तुरुंग पाहून आलेली माणसं. कुणाचा अपमान झालाय, कुणाच्या भावाला लागलंय, आज रात्री कोण सूड घ्यायला निघणार, हे त्यांच्या कानावर आधी येतं. ती जाऊन त्या पोराशेजारी बसतात, त्याला गाडीत घालून गावाबाहेर फिरवून आणतात, वेळ काढतात. 2011 च्या ‘द इंटरप्टर्स’ या माहितीपटात हे काम पाहता येतं. त्यातला बराचसा वेळ नुसतं ऐकून घेण्यात जातो. ओकलंडमध्ये 1994 पासून हेच काम रुग्णालयात चालतं. गोळी लागलेल्या मुलाच्या खाटेशी, त्याचे मित्र बाहेर जमून बेत करत असतानाच, एकेकाळी स्वतः त्या खाटेवर पडलेला माणूस येऊन बसतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांचं काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना स्लटकिन यांची पद्धत परकी वाटू नये. गावातलीच बाई शिकवून तयार करायची, कारण डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता कॅलिफोर्नियातलं रिचमंड. लाखभर वस्तीचं, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सावलीतलं शहर. 2007 मध्ये तिथं 47 खून झाले. त्याच वर्षी नगरपालिकेनं ‘वस्तीसुरक्षा कार्यालय’ काढलं आणि डेव्होन बोगन यांना प्रमुख नेमलं. पोलिसांकडून त्यांना कळलं की शहरातला सुमारे 70 टक्के गोळीबार अवघ्या 28 जणांकडे बोट दाखवतो. बोगन यांनी अशा पोरांना नगरपालिकेत पाहुणे म्हणून बोलावलं. दीड वर्षाची एक शिष्यवृत्ती आखली. रोज भेटणारा मार्गदर्शक, लिहून ठेवलेली उद्दिष्टं, आणि सहा महिने नेटानं टिकलं तर पुढच्या काही महिन्यांत दरमहा कमाल एक हजार डॉलर. ते पैसे खाजगी देणग्यांतून. सहलही होती, पण अट अशी की तुझ्या वैऱ्याबरोबर जायचं. साहजिकच ओरड झाली. गोळ्या झाडणाऱ्यांना पैसे? मग शाळेत नीट जाणाऱ्यानं काय घोडं मारलंय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला भावनेनं उत्तर देता येत नाही. 2014 मध्ये खून 11 वर आले, 2023 मध्ये 8 वर. सगळं श्रेय या एका योजनेचं, असं कुणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही.

योगायोग असा की 2007 च्याच स्वातंत्र्यदिनी आपल्याकडे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटा गावातच मिटावा, हा विचार दोन्हीकडे सारखा. फरक निवडीत आहे. आपण समितीवर गावातली प्रतिष्ठित मंडळी बसवली आणि बक्षीस गावाला दिलं. रिचमंडनं शहरातल्या सर्वांत बदनाम पोरांना खुर्ची दिली आणि मोबदलाही त्यांनाच. आपल्या पद्धतीला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. बांधाच्या भांडणाला पाटलाचा शब्द पुरतो. पिस्तूल खोचून फिरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या लेखी पाटील कोण?

फिलाडेल्फियात तर माणसांना हातही लावला नाही, जमिनीला लावला. पडक्या घरांच्या जागी उरलेले हजारो मोकळे प्लॉट, कंबरभर गवत, टाकलेल्या गाड्या. पोरं बंदुका अंगावर न बाळगता या गवतात लपवत. चार्ल्स ब्रानस आणि सहकाऱ्यांनी 541 प्लॉट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून घेतले. काही साफ करून हिरवळ, दोन-चार झाडं आणि आत जाता येईल असं बुटकं लाकडी कुंपण, काहींची फक्त सफाई, काही तसेच. 2018 मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत गरीब वस्त्यांत गोळीबार 29 टक्क्यांनी घटला होता आणि लोक बाहेर येऊन बसण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं होतं. खर्च एका प्लॉटला साधारण हजार-दीड हजार डॉलर.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की उपाय सापडलेला आहे, आता फक्त अंमल हवा. तसं नाही. पिट्सबर्गनं शिकागोसारखाच उपक्रम चालवला, पण मूल्यमापनात खून घटल्याचं दिसलं नाही, उलट काही भागांत हल्ले वाढलेले दिसले. शिकागोच्याही काही वस्त्यांत फरक लख्ख होता, काही वस्त्या शेजारच्या वस्त्यांइतक्याच सुधारल्या. घडलाच नाही असा खून मोजायचा कसा, ही अडचण तर कायमची. अभ्यासकांपुढची वाटही बराच काळ अडलेली होती. 1996 च्या एका कायदेदुरुस्तीनंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेनं बंदुकांवरच्या संशोधनाला जवळपास हात लावणं सोडलं. त्यासाठी खास निधी पुन्हा मंजूर झाला तो 2019 च्या अखेरीस, अडीच कोटी डॉलरचा.

आणि ही माणसं राबतात कशावर? वर्ष-वर्षाच्या अनुदानांवर. 2015 मध्ये इलिनॉय राज्याचा अर्थसंकल्प अडकला आणि शिकागोचं काम बहुतांश वस्त्यांत बंद पडलं. 2022 च्या केंद्रीय कायद्यानं पाच वर्षांसाठी 25 कोटी डॉलर या कामाला दिले. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय न्याय विभागानं शेकडो अनुदानं मुदतीआधी रद्द केली, त्यांत अशा संस्थाही होत्या. बाल्टिमोरमध्ये 2021 च्या जानेवारीत या कामातला सर्वांना माहीत असलेला एक कार्यकर्ता गोळीबारात मारला गेला. नंतरच्या वर्षभरात आणखी सहकारी गेले. त्याच शहरात 2022 मध्ये 334 खून झाले होते, 2024 मध्ये 201. ज्या माणसाचं गल्लीत ऐकतात त्याला घडायला वीस वर्षं लागतात, आणि आपण त्याला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवतो, असं मला वारंवार वाटत राहिलं. ‘आपण’ हे मुद्दाम म्हणतो, कारण तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आशाताई आपल्याही गावात आहेत.

पुढची प्रकरणं गावांनुसार लावली आहेत, विषयांनुसार नाहीत. कुठूनही सुरुवात केली तरी चालेल, पण बॉस्टन रिचमंडच्या आधी वाचावं, म्हणजे रिचमंडनं काय घेतलं आणि काय टाकलं ते कळतं. शाळांमधले हल्ले आणि पोलिसांच्या गोळ्यांनी झालेले मृत्यू या पुस्तकात नाहीत. त्यांची कारणं वेगळी, त्यांवरचे उपायही वेगळे, आणि ते इथं कोंबले असते तर कशालाच न्याय मिळाला नसता. आत्महत्येचं प्रकरण वाचताना ज्यांना जड जाईल त्यांनी ते सरळ ओलांडून फिलाडेल्फियाला जावं. टोळीतल्या मुलांची नावं कुठंही दिलेली नाहीत. त्यांतले बरेच जण आता चाळिशीत आहेत, बापही झाले आहेत.